कोंबड्या स्वतःचीच अंडी खातायत, काय करू?

परसदार | ४ मे, सकाळी ११:४०

नमस्कार मंडळी. धागा प्राण्यांच्या विभागात काढू की पाककृतीच्या, कळेना. सध्या अंड्यांची पाककृती माझ्या कोंबड्याच करतायत.

चिपळूणजवळ गावच्या घरी राहायला येऊन आम्हाला दोन वर्षं झाली. परसात ११ कोंबड्या आणि एक कोंबडा आहे. चार गिरिराज, एक कडकनाथ, बाकी गावठी. मार्चपर्यंत रोज सात-आठ अंडी मिळायची. एप्रिलमध्ये पाचावर आलो. गेल्या आठवड्यात दोन, काल एक, आज शून्य. अंडी घालायच्या क्रेटमध्ये बघावं तर खाली अंथरलेला साडीचा तुकडा चिकट, त्याला कवचाचे दोन-चार कपचे लागलेले, आणि मुंग्यांची रांग.

माझा संशय कडकनाथवर आहे. दुपारी तीच क्रेटजवळ घुटमळत असते, आणि काळी असल्याने चोचीला काही लागलंय का तेही दिसत नाही. तिला दोन दिवस डालग्याखाली झाकून ठेवलंय. तरी अंडी गायब.

यजमान म्हणतात, सवय लागलेली कोंबडी सुधारत नाही, रविवार गाठावा. मला ते नकोय. कोणी यातून बाहेर पडलंय का?

---

अंडाकरी | ४ मे, दुपारी १२:०५

यजमानांना अनुमोदन. सोबत तांदळाची भाकरी. (दिवे घ्या.)

---

कातळसडा | ४ मे, दुपारी १२:५०

आधी खातंय कोण ते ठरवा. आमच्याकडे दोन महिने कोंबड्यांना शिव्या घातल्या आणि निघाला नाग. साप अंडं अख्खं गिळतो, मागे ना कवच ना ओल. मुंगूस फोडून खातं, पण बहुतेकदा बाहेर ओढून नेऊन, कवचं कुंपणाकडे सापडतात. घूस आणि उंदीरही अंडी पळवतात. घोरपड येते. कावळा तर दिवसाढवळ्या येतो, आणि भारद्वाज दिसायला सोज्वळ असला तरी त्याला पण अंडी चालतात.

घरट्यातच ओल, बलक वाळलेला, थोडंच कवच उरलेलं, म्हणजे मात्र घरचेच. कोंबडी कवचासकट खाते.

माझी मालवणची आजी म्हणायची, "एकदा तोंडाक लागला काय सुटना नाय." पण तीच आजी घरट्यात नदीतला पांढरा गोटा ठेवायची. चोच मारून मारून कोंबडी कंटाळते. तेव्हा ती नेमकं काय मानायची ते मला ठाऊक नाही, गोटा मात्र अजून आहे.

---

ताकभात | ४ मे, दुपारी २:१५

अंड्याला भोक पाडून बलक काढा, आत लाल तिखट नि मिरचीचा ठेचा भरा, मेण लावून परत ठेवा. एकदा तोंड पोळलं की जन्मात अंड्याकडे बघणार नाही. आमच्या शेजाऱ्यांनी केलेलं.

---

परसदार | ६ मे, सायंकाळी ६:३०

@कातळसडा, ओल घरट्यातच आहे, म्हणजे घरचेच.

@ताकभात, केलं हो. बेडगी नव्हे, चांगली लवंगी घातली. भरताना माझेच हात रात्रभर जळत होते. सकाळी अंडं क्रेटमध्ये ठेवलं आणि दाराआड उभी राहिले. एक गिरिराज आली, टोचलं, सगळं आतलं लाल लाल खाल्लं, साडीला दोन्ही बाजूंनी चोच पुसली आणि माझ्याकडे बघितलं. आणखी आहे का, असं.

---

गोठाकोठा | ६ मे, रात्री ९:१०

निवृत्त पशुवैद्यक आहे. तिखटाचा उपाय दर सहा महिन्यांनी कोणीतरी सांगतंच, म्हणून आधी तो निकालात काढतो.

मिरचीचा तिखटपणा ज्या द्रव्याने जाणवतो ते कॅप्सायसिन. आपल्या जिभेतल्या मज्जातंतूंवर त्याचा एक ग्राहक (रिसेप्टर, म्हणजे ते द्रव्य ओळखणारा रेणू) असतो, तोच उष्णतेलाही जागा होतो, म्हणून मिरची खाल्ली की 'पोळलं' म्हणतो. पक्ष्यांमध्येही तो ग्राहक आहे, पण कॅप्सायसिनने जागा होत नाही. कोंबडीच्या ग्राहकावर प्रयोग करून हे २००२ साली दाखवलं गेलं. प्रयोगशाळेची तरी गरज काय? आपल्याकडे पोपटाला हिरवी मिरची हौसेने घालतातच की. ताईंच्या कोंबडीला लाल रंगाचं अंडं मिळालं, एवढंच.

मोहरीचा झणका वेगळ्या द्रव्याचा असतो, त्यामुळे ज्यांना मोहरीने गुण आला ते अगदीच खोटं बोलत नसतील. पण मी त्यावर भिस्त ठेवणार नाही. कारण मूळ प्रश्न वेगळा आहे.

ताई, तीन गोष्टी सांगा. खायला काय घालता? अंडी घालायला जागा किती आणि कशी आहे? आणि शेवटच्या मिळालेल्या अंड्यांचं कवच हाताला कसं लागलं?

---

परसदार | ६ मे, रात्री ९:४५

खायला तांदळाची कणी, भाताचा कोंडा, रात्रीचा उरलेला भात. दिवसभर परसात मोकळ्या असतात, किडामुंगी टिपतात. पण एप्रिलपासून जमीन इतकी टणक झालीय की उकरून काही मिळत नसावं.

जागा म्हणजे भाजीचा एक प्लास्टिकचा क्रेट, आत जुनी साडी, खिडकीखाली.

कवच... आता विचारलंत म्हणून आठवलं. एप्रिलमध्ये दोन अंडी हातात घेतानाच पिचकली होती. एक तर नुसतं पापुद्र्याचं होतं, मऊ, लिंबासारखं दाबलं जाणारं. नवी तलंग (पहिल्यांदाच अंड्यावर आलेली कोंबडी) घालायला लागली असेल म्हणून सोडून दिलं.

---

गोठाकोठा | ६ मे, रात्री १०:४०

मिळालं उत्तर. आता जरा सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर खालच्या प्रतिसादावर जा.

एका अंड्याच्या कवचात साधारण २ ग्रॅम कॅल्शियम असतं. कोंबडी दिवसाला ११० ग्रॅमच्या आसपास खाते. अंड्यावरच्या कोंबड्यांच्या खाद्यात, म्हणजे लेअर मॅशमध्ये, साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम ठेवतात. साडेतीनने धरलं तरी पोटात जातं ३.८५ ग्रॅम, त्यातलं ढोबळमानाने निम्मं अंगी लागतं. हिशोब कसाबसा जुळतो. आता तुमची कणी बघा. तिच्यात कॅल्शियम जवळजवळ नाहीच. कोंड्यात फॉस्फरस भरपूर, आणि तो अशा रूपात असतो की असलेलं कॅल्शियमही अडकवून ठेवतो. कोंबडी काही दिवस स्वतःच्या हाडांतून काढून कवच बनवते. मग कवच पातळ होतं, मग पापुद्रा.

वर मे महिना. कोंबडीला घाम येत नाही, चोच उघडून धापा टाकून ती अंग थंड करते. धापांबरोबर रक्तातला कर्बवायू बाहेर जातो, आणि कवच बनायला लागणारं कार्बोनेट त्यातूनच येतं. शिवाय उन्हात खाणंही कमी. म्हणून उन्हाळ्यात चांगल्या खाद्यावरच्या कोंबड्यांचीही कवचं पातळ होतात.

मग एका क्रेटमध्ये अकरा जणी. एकीचं घालून होत नाही तर दुसरी वर चढते. खाली साडीची घडी सरकली की प्लास्टिक. पातळ अंड्यावर पाय पडतो, फुटतं. फुटलेलं अंडं खाणं ही कोंबडीची खोड नव्हे, ती घरटं साफ करते. रानात तसं केलं नाही तर वासाने मुंगूस येईल. पण साफ करताना कळतं की आत मेजवानी आहे. कणीवर जगणाऱ्या कोंबडीला प्रथिनंही कमी पडत असतात, आणि अंड्यात ती ठासून भरलेली. चार-पाच वेळा आयतं फुटलेलं मिळालं की ती स्वतः फोडायला शिकते. एकीचं बघून दुसरी शिकते.

म्हणून कडकनाथला सोडा. बिचारीचा रंगच काळा आहे.

करायचं ते असं. कणी-कोंडा चिमूटभर ठेवा, मुख्य खाणं लेअर मॅश. कालवांचे किंवा तिसऱ्यांचे शिंपले कुटून, ज्वारीच्या दाण्याएवढे, वेगळ्या भांड्यात संध्याकाळी ठेवा. कवच बनायला वीसेक तास लागतात आणि त्यातलं बरंचसं काम रात्री होतं, तेव्हा पोटात विरघळणारं काही हवं. भुकटी लगेच पुढे सरकते, जाडसर तुकडा पेषणीत टिकतो. खाद्यात मिसळू नका. जिला लागेल ती खाईल. लहान पिल्लांना जास्त कॅल्शियम मूत्रपिंडाला बाधतं.

अंडी घालायच्या जागा किमान तीन करा. चार-पाच कोंबड्यांमागे एक. साधारण फूटभर लांब-रुंद, जमिनीपासून दीड-दोन फूट वर, समोर गोणपाटाचा पडदा. अंधारात कोंबडी घालते आणि निघते, उजेडात बसून निरखत राहते. खिडकीखाली क्रेट ठेवलात तिथेच चुकलं.

आणि पाणी. दुपारी भांडं कोरडं पडत नाही ना, ते बघा. तहानलेली कोंबडीही अंडं फोडते.

---

हिरवी_चाळ | ७ मे, सकाळी ८:२०

वा, काय प्रतिसाद! वाचनखूण साठवली. माझ्याकडे एकही कोंबडी नाही.

---

वेशीबाहेर | ७ मे, सकाळी १०:००

आम्ही पिढीजात कोंबड्या पाळतो, माण तालुक्यात. मॅश वगैरे कधी घातली नाही. ज्वारी, बाजरी, उकिरडा. असले आजार तुम्ही शहरातून गावात आणता.

---

गोठाकोठा | ७ मे, सकाळी ११:३०

@वेशीबाहेर, उकिरड्यात अळ्या आहेत, म्हणजे प्रथिनं आलीच. तुमच्या माळावर चुनखडीचे खडे आहेत, ते कोंबड्या टिपतात. आणि तुमची गावठी वर्षाला पन्नास-साठ अंडी घालत असेल, मध्ये खुडूक होऊन, म्हणजे अंडी उबवायला बसून, विश्रांती घेत असेल. गिरिराजसारखी सुधारित जात त्याच्या दुप्पट-तिप्पट घालते. कोकणातल्या जांभ्या मातीत चुना नावाला नाही. तुमचं तिथे बरोबर, यांचं इथे बरोबर.

---

वेशीबाहेर | ७ मे, दुपारी १२:१०

खडे टिपतात हे मात्र खरं.

---

नदीकाठ | ७ मे, रात्री ८:००

कराडकडचा आहे, सुतारकामाची हौस. घसरतं घरटं करा. खायला अंडं समोरच राहिलं नाही तर खाणार काय?

मी भंगारातल्या प्लायचं केलं. तळ पुढून मागे उतरता, दीड फुटाला दोन इंच. जास्त उतार दिलात तर कोंबडीला बसायला आवडत नाही, कमी दिलात तर अंडं मध्येच थांबतं. तळावर हिरव्या खोट्या गवताचं पायपुसणं, म्हणजे पाय घसरत नाही आणि अंडं हळू जातं. मागच्या फळीला खालून साडेतीन बोटं फट. त्यामागे झाकणाचा खण, आत जुन्या गादीचा स्पंज. अंडं घातलं, कोंबडी उठली, अंडं घरंगळत मागे गेलं. ती वळून बघते तर काही नाही. पहिल्या दिवशी तिचा चेहरा बघण्यासारखा असतो.

माझी पहिली चूक सांगतो. स्पंज न घालता नुसती फळी ठेवली होती. दुसरं अंडं पहिल्यावर आपटलं आणि दोन्ही गेली.

दुसरं, पहिले तीन-चार दिवस कोंबड्या त्यात शिरणारच नाहीत, सरपणात जाऊन घालतील. तेव्हा तळ सपाट ठेवायचा, पेंढा घालायचा, सवय झाली की उतार द्यायचा.

---

थेम्सकाठची_काकू | ८ मे, पहाटे ३:२०

इंग्लंडमध्ये रेडिंगला आहे, मागच्या अंगणात चार कोंबड्या. हाच त्रास दोन वर्षांपूर्वी झाला. इथे चिनीमातीची खोटी अंडी मिळतात. दोन आणून ठेवली. टोचून टोचून दहा-बारा दिवसांत नाद सुटला. पण माझ्याकडे एकच कोंबडी खात होती आणि मला आठवड्याच्या आत कळलं होतं. उशीर झाला असता तर सांगता येत नाही.

बाकी @परसदार, तुमचा उरलेला भात वाचून हेवा वाटला. इथे घरच्या स्वयंपाकघरातून गेलेली कुठलीही गोष्ट कोंबड्यांना घालायला कायद्याने मनाई आहे, भाजीचं देठसुद्धा. त्यामुळे अंड्याची टरफलं कुटून परत घालायचा आपला पिढीजात उपायही बाद. शिंपल्यांचा चुरा पिशवीतून विकत आणायचा. आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून एक कोंबडी पाळली तरी सरकारदरबारी नोंद करावी लागते. सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, रेशनकार्डावर चढवतात का?

---

ताकभात | ८ मे, सकाळी ९:३०

टरफलं घालावीत की नाही मग? मी घालते. त्यानेच चटक लागते असं कोणी म्हणालं.

---

गोठाकोठा | ८ मे, सकाळी १०:१५

घाला. फक्त अर्धं टरफल तसंच फेकू नका. तव्यावर भाजून चांगला चुरा करा, म्हणजे जंतू मरतात आणि अंड्यासारखं दिसतही नाही.

---

शहाणा_कावळा | ८ मे, दुपारी १:००

इतका उपद्व्याप कशाला? चोचीचं टोक कापा. मोठ्या पोल्ट्रीत सगळे तेच करतात. नाहीतर तो प्लास्टिकचा चष्मा लावा, समोरचं दिसत नाही.

---

गोठाकोठा | ८ मे, दुपारी २:३०

चोचीच्या टोकाला मज्जातंतू असतात. ते नख नव्हे. पोल्ट्रीत पिल्लू लहान असताना यंत्राने करतात, तेही वेदनारहित नाहीच. घरी कात्रीने मोठ्या कोंबडीची चोच छाटणं म्हणजे रक्त आणि उपासमार. मोकळी कोंबडी चोचीवरच जगते, किडे टिपते, पिसं साफ करते. चष्म्याने समोरचं झाकलं जातं, पण परसात मुंगूस आलं तर?

---

परसदार | १३ मे, रात्री ८:५०

अपडेट. यजमानांचा जुना मोबाईल पापडाच्या डब्यावर टेकवून घरट्यासमोर लावला. तीन तास चित्रण. संध्याकाळी दोघं बघत बसलो.

दहा वाजून वीस मिनिटं. तुरेवाली गावठी उठते. खाली दोन अंडी. उठताना मागचा पाय एकावर पडतो. आवाज ऐकू येत नाही, पण ती थबकते. मान वाकडी करून एका डोळ्याने बघते. मग दुसऱ्या डोळ्याने. चोचीच्या टोकाने एकदाच हलकं टकटक. चीर रुंद होते, पांढरं बाहेर येतं. ती ते पिते. डोकं वर करते तेव्हा चोचीला बलकाची तार लोंबत असते. तेवढं दिसल्याबरोबर खुराड्याच्या चारी कोपऱ्यांतून पळापळ. अर्ध्या मिनिटात सात जणी. आणि सगळ्यात पुढे कोण? ठमी. माझी लाडकी गिरिराज, जिला मी हाताने भात भरवते.

कडकनाथ दुसऱ्या टोकाला माती उकरत होती. तिने वळूनही बघितलं नाही. सहा दिवस डालग्याखाली ठेवली होती मी तिला. आज तिला अर्धी काकडी दिली.

उरलेलं अंडं ठमीने मुद्दाम फोडलं. त्याला चीर नव्हती. तीन ठोके, नेमके एकाच जागी. म्हणजे ती आता शिकलेली आहे.

---

अंडाकरी | १३ मे, रात्री ९:००

ठमी म्हणजे मोठी आहे का अंगाने? सहज विचारतोय.

---

परसदार | १३ मे, रात्री ९:०४

तुमच्या तोंडाला भाकरीच मिळो. नुसती.

---

कातळसडा | १४ मे, सकाळी ७:३०

ठमीला वेगळी ठेवा आठ-दहा दिवस. डालग्यात नको, गुदमरेल उन्हात. जाळीच्या पिंजऱ्यात, तळाला जाळी असेल तर उत्तम, अंडं खाली पडून निघून जातं. बाकीच्यांना तेवढ्यात नवी जागा लागू द्या. आणि सकाळी दहाच्या आत एक चक्कर, साडेअकराला दुसरी. बहुतेक अंडी तेव्हाच पडतात. अंडं तासभरही पडून राहता कामा नये.

सावंतवाडीला कोणी जाणार असेल तर लाकडी अंडी मिळतात का बघा. लाकडी फळं करणारे कारागीर सांगितलं तर करून देतात. फक्त रंगवून घेऊ नका, टोचून रंग पोटात जाईल.

---

परसदार | २९ मे, सायंकाळी ५:१५

पंधरा दिवसांनी येतेय. सुतार मिळेना, मग यजमानांनीच @नदीकाठ यांच्या मापाने दोन घसरती घरटी केली, तिसरं साधं खोकं, आत पेंढा. एक पायपुसणं सरळ दारातलं उचललं. लेअर मॅश चिपळूणहून पन्नास किलोचं पोतं. बाजारातल्या कोळीणबाईंनी शिंपले फुकट दिले, वर विचारलं, "कोंबडीला घालतेस होय? माझी आई पण घालायची." पाट्यावर कुटले. हाताला फोड.

पहिले पाच दिवस सगळ्यांनी बहिष्कार टाकला. माडाच्या झावळ्यांत घातली, एकीने चक्क बाईकच्या सीटवर. मग कडकनाथ पहिली शिरली. तिचं बघून बाकीच्या.

आता रोज पाच-सहा मिळतात. कवच वाजतं, टिचकी मारली की कळतं. ठमी पिंजऱ्यातून बाहेर आलीय. गोट्यावर दोन दिवस रोज सकाळी जाऊन ठोके मारले, तिसऱ्या दिवशी एकच मारला, मग गेली नाही. पण घसरत्या घरट्याच्या मागच्या खणाभोवती फिरते. तिला कळलंय अंडी कुठे जातात ते. झाकणाला खिळा लावलाय.

एक प्रश्न उरलाय. सगळ्यात म्हातारी गावठी आहे, चारेक वर्षांची. तिचं अंडं अजूनही मोठं, खरखरीत आणि पातळ. मॅश, शिंपले सगळं खाते.

---

गोठाकोठा | २९ मे, रात्री ९:३०

वयाबरोबर अंडं मोठं होतं, पण कवचाला मिळणारं कॅल्शियम तेवढंच राहतं. पुरी जास्त लाटली की पातळ होते, तसं. तिचं अंडं तुम्हीच आधी उचला. बाकी सगळ्यांची कवचं अचानक वेडीवाकडी झाली, खाणं कमी झालं, घरघर लागली, तर मात्र हा धागा सोडून दवाखान्यात जा. राणीखेत रोगात असं होतं. लस दिलीय ना?

---

परसदार | २९ मे, रात्री ९:४१

दिलीय. लासोटा आणि नंतर आरटूबी, दोन्ही.

---

परसदार | १८ जून, सकाळी १०:०५

पाऊस लागला. परसात गांडुळंच गांडुळं, मॅश निम्म्यावर आली. काल सात अंडी, आज आत्तापर्यंत चार. ठमीकडून गुन्हा नाही.

फक्त तुरेवाली परवापासून खुडूक झालीय आणि साध्या खोक्यात गोट्यावर बसलीय. उठवायला गेलं की फुगते, हाताला चोच मारते, दाणा खायला दोन मिनिटं उतरते आणि परत गोट्यावर. काय करू?

---

कातळसडा | १८ जून, सकाळी १०:३०

गोटा काढा, खरी आठ-दहा घाला. रवण (उबवणी) चांगली लागेल या दिवसांत.

---

अंडाकरी | १८ जून, सकाळी १०:३२

एकवीस दिवसांनी गोट्याचे फोटो टाका.